युरेनियम एवढं जड, मग ते पृथ्वीच्या मध्याशी का नाही?

ग्रहांच्या पोटातल्या थरांबद्दल बरेच प्रश्न साठले होते, त्यामुळे या अंकात फक्त तेच घेतोय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काही लांबलचक पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न : सर, पृथ्वी वितळलेली होती तेव्हा जड पदार्थ खाली गेले आणि हलके वर राहिले असं आम्हाला शिकवलंय. पण युरेनियम लोखंडाच्या जवळजवळ अडीचपट जड आहे. मग ते सगळ्यात आत असायला हवं ना? आपण ते खाणीतून कसं काय काढतो? (अकरावी सायन्स, सांगली)

तुझा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण ‘जड खाली, हलकं वर’ हे वाक्य नेमकं इथेच येऊन अडतं आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

आधी काय झालं ते बघू. साधारण ४५६ कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवती धूळ आणि खडे एकमेकांवर आपटत, चिकटत मोठे होत गेले. प्रत्येक टकरीतून उष्णता निघते, त्यात सुरुवातीच्या धुळीत ॲल्युमिनियम-२६ नावाचा किरणोत्सारी प्रकार होता, तो फार वेगाने संपतो, सात लाख वर्षांत निम्मा, आणि संपताना प्रचंड उष्णता देतो. त्यामुळे शे-दोनशे किलोमीटरचे लहान गोळेसुद्धा आतून वितळले. पृथ्वी तर इतकी मोठी झाली की तिच्यावर वितळलेल्या खडकाचा अख्खा समुद्रच होता. आता या वितळलेल्या मालात दोन द्रव होते, एक वितळलेलं लोखंड आणि दुसरा वितळलेला खडक, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनची संयुगं. हे दोन्ही एकमेकांत मिसळतच नाहीत. लोखंडाचे थेंब जड म्हणून खाली बुडाले, बुडतानाही घर्षणाने उष्णता निघाली, त्याने आणखी वितळलं, आणखी लोखंड बुडालं आणि मध्याशी त्याचा गाभा झाला. इथपर्यंत तुम्हाला शिकवलंय ते बरोबरच आहे.

पण बाकीची मूलद्रव्यं? ती अशी सुटी-सुटी तरंगत नव्हती की जिचं वजन जास्त ती खाली जाईल. प्रत्येकाला या दोन द्रवांपैकी एकात जायचं होतं, आणि कशात जायचं ते वजनावर नाही, तर कोणाशी बंध जमतो त्यावर ठरलं. नॉर्वेत काम करणाऱ्या व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२० च्या दशकात हे गट पाडले, लोखंडाशी जमणारे आणि खडकाशी जमणारे. निकेल, सोनं, प्लॅटिनम, इरिडियम हे लोखंडाबरोबर गेले, म्हणून पृथ्वीवरचं बहुतेक सगळं सोनं गाभ्यात आहे. आणि युरेनियम, थोरियम, पोटॅशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांना ऑक्सिजन हवा असतो, ते खडकात राहिले. युरेनियमचा एकेक अणू कितीही जड असो, तो कोट्यवधी हलक्या अणूंच्या गर्दीत एखादाच असतो, आणि खाली-वर जाताना सबंध मालाची घनता बघितली जाते, त्या एका अणूची कोण बघतंय!

यापुढचा भाग मला जास्त आवडतो. युरेनियमचा अणू आकाराने पण मोठा. प्रावरणातल्या, म्हणजे गाभा आणि कवच यांच्या मधल्या जाड खडकाच्या थरातल्या, ऑलिव्हिनसारख्या खनिजांच्या घट्ट रचनेत त्याला जागाच मिळत नाही. त्यामुळे प्रावरण कुठे थोडंसं वितळलं की युरेनियम आधी त्या द्रवात शिरतं, आणि तो द्रव हलका असल्यामुळे वर येतो. अब्जावधी वर्षं हेच चालू आहे. आज प्रावरणात दहा लाखात जेमतेम ०.०२ भाग युरेनियम आहे आणि खंडांच्या कवचात सरासरी १.३ भाग. खंडांचं कवच म्हणजे पृथ्वीच्या वस्तुमानाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण गाभा सोडून उरलेल्या पृथ्वीतलं साधारण एक तृतीयांश युरेनियम त्यात बसलंय. म्हणून झारखंडात जादुगोड्याला खाण आहे. पृथ्वीवरच्या नैसर्गिक धातूंपैकी सगळ्यात जड अणू सगळ्यात वरच्या थरात गोळा झालाय, हे लक्षात ठेव आणि वर्गात नक्की सांग.

सोनं मग आपल्याला कसं मिळतं, हा पुढचा प्रश्न तू विचारशीलच. गाभा वेगळा झाल्यावरही उल्का पडत राहिल्या, त्यांच्याबरोबर आलेलं सोनं, प्लॅटिनम खाली जाऊ शकलं नाही कारण बरोबर न्यायला लोखंडाचे बुडते थेंबच उरले नव्हते. आपल्या दागिन्यांतलं बरंचसं सोनं अशा उशिरा आलेल्या मालातलं आहे, असं बहुतेक संशोधक मानतात.

प्रश्न : हे सगळं इतक्या आधी झालं, तेव्हा बघायला तर कोणी नव्हतं. मग अमुक कोटी वर्षांत गाभा वेगळा झाला हे कशावरून सांगतात? (पुणे)

हाफ्नियम आणि टंगस्टन या मूलद्रव्यांच्या जोडीवरून. हाफ्नियम खडकात राहतं, टंगस्टन लोखंडाबरोबर जातं. सुरुवातीला हाफ्नियम-१८२ असायचं, त्याचं हळूहळू टंगस्टन-१८२ होतं, ८९ लाख वर्षांत निम्मं. आता समजा गाभा फार उशिरा वेगळा झाला असता, तर तोवर सगळ्या हाफ्नियमचं टंगस्टन होऊन गेलं असतं आणि ते बाकीच्या टंगस्टनसारखंच खाली गेलं असतं. पण तसं दिसत नाही, आपल्या खडकांत टंगस्टन-१८२ चं प्रमाण कधीच न वितळलेल्या उल्कांपेक्षा किंचित जास्त सापडतं. म्हणजे गाभा वेगळा झाला तेव्हा खडकात हाफ्नियम अजून शिल्लक होतं. त्यावरून पृथ्वीचा गाभा पहिल्या तीन ते दहा कोटी वर्षांत तयार झाला असं निघतं. लोखंडी उल्का ज्या लहान गोळ्यांच्या गाभ्यातून आल्या त्यांचं तर आणखी लवकर, पहिल्या वीस-तीस लाख वर्षांतच उरकलं होतं.

प्रश्न : खोल जावं तसं दर किलोमीटरला २५-३० अंश टेम्परेचर वाढतं असं वाचलं. ६,३७१ किमी गुणिले ३० केलं तर मध्याशी १ लाख ९१ हजार अंश येतात! पण सगळीकडे पाच-सहा हजार लिहिलेलं असतं. शिवाय एवढं गरम असून आतला गाभा घन कसा? (नाशिक)

तुमचा गुणाकार बरोबर आहे, फक्त ३० अंशांचा दर शेवटपर्यंत टिकत नाही. आणि का टिकत नाही हे समजलं की थरांचं अर्धं गणित सुटतं बघा.

वरचा साधारण शंभर किलोमीटरचा भाग ताठ आहे, हलत नाही, त्यामुळे उष्णतेला दगडातून एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे अशी सरकतच बाहेर यावं लागतं. दगड उष्णता फार वाईट वाहून नेतो, म्हणून इथे टेम्परेचर भराभर चढतं आणि शंभरेक किलोमीटरवर १,३०० अंशांच्या आसपास पोहोचतं. त्याखालचं प्रावरण घन असलं तरी वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने वाहतं, गरम माल वर येतो, थंड खाली जातो. उष्णता मालाबरोबरच उचलून आणली जाते म्हटल्यावर टेम्परेचरमध्ये एवढा फरक लागत नाही. तिथे किलोमीटरला अर्धा अंश किंवा त्याहूनही कमी वाढ होते.

मग २,८९० किलोमीटरवर पुन्हा मोठी उडी. वर खडक, खाली वितळलेलं लोखंड, घनतेत जवळजवळ दुपटीचा फरक, त्यामुळे इकडचा माल तिकडे जाऊ शकत नाही आणि उष्णतेला पुन्हा कणाकणाने सरकणं आलं. प्रावरणाच्या अगदी तळाच्या दोनेकशे किलोमीटरमध्ये टेम्परेचर हजार अंशांहून जास्त वाढतं. खाली गाभा द्रव, तो छान ढवळला जातो, तिथे पुन्हा चढ मंदावतो, आणि शेवटी मध्याशी पाच ते सहा हजार अंश येतात, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाएवढे. मला यातली मुख्य गोष्ट ही वाटते की टेम्परेचरच्या पायऱ्या थरांच्या सीमेवर आहेत, आणि त्यातली गाभ्याची सीमा पहिल्या उत्तरात सांगितलेल्या निवडीतूनच आलीय.

आता घन कसा. घरच्या कुकरमध्ये प्रेशर वाढलं की पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० पर्यंत तग धरतं. वितळण्याचंही तसंच, दाबाखाली कणांना सैल व्हायला जागाच मिळत नाही. लोखंड आपल्याकडे १,५३८ अंशांना वितळतं, पण पृथ्वीच्या मध्याशी दाब आहे हवेच्या दाबाच्या ३६ लाख पट, तिथे त्याला वितळायला त्याहून काही हजार अंश जास्त लागतात. बाह्यगाभ्यात टेम्परेचर वितळणबिंदूच्या वर आहे म्हणून तो द्रव, आणि ५,१५० किलोमीटरच्या खाली दाब जिंकतो म्हणून अंतर्गाभा घन. हा घन भाग इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी १९३६ मध्ये दाखवून दिला, न्यूझीलंडमध्ये १९२९ साली झालेल्या भूकंपाच्या लहरी जिथे पोहोचायलाच नको होत्या तिथल्या नोंदींमध्ये त्यांना दिसल्या आणि त्यांनी त्या सोडून दिल्या नाहीत. नोंदी तर इतरांसमोरही होत्या, म्हणून मला त्यांच्या कामाबद्दल विशेष आदर आहे.

अंतर्गाभा अजूनही वाढतोय, वर्षाला मिलिमीटरभर म्हणा. लोखंड गोठताना त्यात विरघळलेले ऑक्सिजन, सल्फर असे हलके घटक बाहेर टाकतं, ते वर जाताना बाह्यगाभा ढवळतात आणि त्या ढवळण्यातून आपलं चुंबकीय क्षेत्र चालू राहतं. होकायंत्राची सुई फिरते त्याच्या मागे हे सगळं आहे.

प्रश्न : म्हणजे आपल्या पायाखाली सगळा लाव्हाच भरलाय ना? मग तो सह्याद्रीत आला तसा परत येईल का? (महाबळेश्वर)

नाही, हा गैरसमज खूप जणांचा असतो आणि चित्रांत प्रावरण लालभडक रंगवतात त्यामुळे तो पक्का होतो. भूकंपाच्या आडव्या लहरी द्रवातून जात नाहीत, आणि त्या प्रावरणातून व्यवस्थित आरपार जातात. म्हणजे प्रावरण घन आहे, आणि वरच्या भागात बरंचसं हिरवट ऑलिव्हिन असल्यामुळे दगड हातात घेतला तर रंगही हिरवा दिसतो. जसं खाली जावं तसं हेच ऑलिव्हिन दाबाने आपली रचना बदलतं, ४१० किलोमीटरवर एकदा आणि ६६० वर पुन्हा, अणू तेच पण रचून बसायची पद्धत वेगळी, जास्त दाट. म्हणजे थर दोन तऱ्हेचे झाले, काही मालच वेगळा म्हणून आणि काही माल तोच पण परिस्थिती वेगळी म्हणून.

महाबळेश्वरच्या काळ्या कातळाचं म्हणाल तर तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. खोलवरचा गरम पण घन खडक वर सरकत आला, वर येताना त्याच्यावरचा दाब कमी झाला, आणि दाब कमी झाल्यावर वेगळी उष्णता न देताच त्यातला थोडा हिस्सा वितळला. कुकरचं उलटं समजा. तो वितळलेला हिस्सा भेगांमधून बाहेर आला, थरावर थर साचले, तेच आपले घाट. आज महाराष्ट्राखाली तशी परिस्थिती नाही, त्यामुळे काळजी नको.

प्रश्न : गुरूवर यान उतरवायचं ठरवलं तर ते कुठे टेकेल? (वय १२, ठाणे)

कुठेच टेकणार नाही! आणि हे करून बघितलेलं आहे. ७ डिसेंबर १९९५ ला गॅलिलिओ यानातून सोडलेलं एक छोटं यान सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात घुसलं. आधी भयंकर तापलं, मग पॅराशूट उघडलं, आणि ते खाली-खाली जात तासभर माहिती पाठवत राहिलं. शेवटचे सिग्नल आले तेव्हा बाहेर दाब होता आपल्या हवेच्या २२ पट आणि टेम्परेचर १५० अंशांच्या वर. खाली जमीन कुठे दिसलीच नाही, ते अजून खाली गेलं असेल, वितळलं असेल, आणि शेवटी गुरूच्याच हवेत विरलं असेल.

गुरू मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा. वर तो वायू आहे, खाली दाबाने दाट होत होत द्रवासारखा होतो, पण मध्ये कुठेही ‘इथे वायू संपला, इथे द्रव सुरू’ अशी रेघ नाही. आणखी खाली, दाब दहा लाख पटींच्या पुढे गेला की हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तो धातूसारखा वीज वाहून नेतो. गुरूचं जबरदस्त चुंबकीय क्षेत्र तिथूनच येतं.

त्या छोट्या यानाने आणखी एक गंमत शोधली. गुरूच्या वरच्या हवेत निऑन वायू सूर्याच्या मानाने फक्त दहावा हिस्सा सापडला. गेला कुठे? तर खोलवर हेलियम धातूरूप हायड्रोजनमध्ये मिसळत नाही, त्याचे थेंब होऊन पाऊस पडतो, आणि निऑनला त्या हेलियमच्या थेंबात विरघळायला आवडतं, म्हणून तो त्यांच्याबरोबर खाली गेला. सांगलीच्या दादाला वर जे सोन्याचं सांगितलं ना, अगदी तेच इथे घडलंय, फक्त लोखंडाच्या जागी हेलियम.

आणि मध्याशी टणक गाभा असेल असं सगळ्यांना वाटायचं, पण जुनो यान २०१६ मध्ये गुरूभोवती फिरायला लागलं, त्याने गुरुत्वाकर्षण बारकाईने मोजल्यावर लक्षात आलं की गाभा विरविरीत आहे, जड माल हायड्रोजनमध्ये बराच दूरपर्यंत मिसळलाय. शनीच्या कड्यांमधल्या लाटांवरून शनीचाही गाभा तसाच निघाला. म्हणजे थर नेहमी स्वच्छ वेगळे होतातच असं नाही, जे एकमेकांत विरघळतात ते सीमा ठेवत नाहीत.

प्रश्न : चांद्रयान-३ ने चंद्राच्या आतल्या रचनेबद्दल काही सांगितलं का? (सोलापूर)

हो, आणि हे आपल्याकडे फारसं बोललं गेलं नाही याची मला खंत आहे. सगळ्यांना लँडिंग आठवतं, २३ ऑगस्ट २०२३, पण त्यानंतर प्रज्ञान रोव्हरने साधारण १०३ मीटर फिरून २३ ठिकाणी मातीची मूलद्रव्यं तपासली. ती सगळीकडे जवळपास सारखी निघाली, आणि फेरोअन ॲनॉर्थोसाइट या खडकाशी जुळणारी. हा खडक ज्या खनिजाचा असतो ते कॅल्शियम-ॲल्युमिनियमचं, हलकं. चंद्र सुरुवातीला वितळलेला होता तेव्हा ऑलिव्हिनसारखी जड खनिजं गोठून बुडाली आणि हे हलकं खनिज वर तरंगून चंद्राचं पहिलं कवच झालं, असा अंदाज अपोलोच्या नमुन्यांवरून केला होता. पण ते नमुने विषुववृत्ताच्या बाजूचे. दक्षिण ध्रुवाच्या बाजूलाही तोच खडक मिळाल्यामुळे सबंध चंद्र असा वितळला होता या म्हणण्याला मोठं बळ मिळालं. पौर्णिमेला चंद्राचा जो पांढरा भाग दिसतो तो हाच तरंगलेला खडक.

त्याच मोहिमेत विक्रमवरच्या चास्टे या उपकरणाने मातीत सुई खुपसून टेम्परेचर मोजलं, इस्रोने तेव्हा दिलेल्या पहिल्या आलेखात वर पन्नासच्या पुढे आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. आपली एक वीतसुद्धा नाही हो! हवा नाही, माती भुसभुशीत, उष्णता आत जातच नाही.

प्रश्न : मग शुक्रावर वर-खाली असाच फरक आहे का? (पणजी)

उलटा आणि फार मोठा. जमिनीवर ४६० अंश आणि ९० पट दाब, पण ५० ते ५५ किलोमीटर उंचीवर टेम्परेचर आणि दाब जवळपास आपल्यासारखे, फक्त भोवती सल्फ्युरिक ॲसिडचे ढग. १९८५ मध्ये सोव्हिएत व्हेगा मोहिमांनी तिथे ५४ किलोमीटरवर दोन फुगे सोडले होते, ते दोन दिवसांच्या जवळपास माहिती पाठवत राहिले. जमिनीवर उतरलेलं व्हेनेरा-१३ मात्र १९८२ मध्ये १२७ मिनिटंच टिकलं.

प्रश्न : एवढी टेक्नॉलॉजी आहे तर सरळ ड्रिल करून गाभा का बघत नाही? (कराड)

तुमच्याच भागात याचं उत्तर आहे. कोयनेला १९६७ च्या भूकंपानंतर आजवर धक्के येतात, ते समजून घ्यायला गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, त्यात सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा कातळ संपला आणि त्याखाली फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. तीन किलोमीटरसाठीसुद्धा केवढा खटाटोप करावा लागतो हे तिथल्या लोकांनी पाहिलंय. जगात सगळ्यात खोल गेले ते रशियात कोला इथे, १२,२६२ मीटर. तिथे १०० अंश अपेक्षित होते, निघाले १८०, आणि खडक इतका मऊ वागायला लागला की ड्रिल काढलं की छिद्र बुजायचं. कवचसुद्धा पार झालं नाही, गाभा तर २,८९० किलोमीटरवर.

त्यामुळे गाभ्याचा माल बघायचा तर तो आधीच फुटून बाहेर पडलेला शोधावा लागतो. लोखंडी उल्का तशाच आहेत, त्या कापून ॲसिडने पुसल्या की लोखंड-निकेलच्या स्फटिकांच्या एकमेकांत घुसलेल्या पट्ट्या दिसतात, अशा पट्ट्या पडायला माल लाखो वर्षं सावकाश थंड व्हावा लागतो, म्हणजे तो कुठल्यातरी गोळ्याच्या पोटात होता. आणि नासाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सायकी नावाच्या लघुग्रहाकडे यान पाठवलंय, सुमारे २२० किलोमीटरचा हा गोळा आधी निव्वळ धातूचा वाटायचा, पण त्याची घनता लोखंडाच्या जेमतेम निम्मी निघाल्यामुळे आता धातू आणि खडक मिसळून असावेत असं वाटतं. फुटलेल्या ग्रहाचा गाभा आहे की कधी नीट थरच न पडलेला गोळा, हे २०२९ मध्ये यान तिथे पोहोचल्यावर कळायला लागेल.